सिंधुबाईंनी निवडलेलं नाव

नाशिक रोड,
दि. १८ मार्च १९८५

ती. आक्कास,

संघूचा सविनय जयभीम. दाजींनाही जयभीम सांग आणि त्यांचा खोकला कसा आहे ते कळव.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. माझं मागचं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते शेजारच्या सुलाबाईंना दाखवलं. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आक्का, मी सत्तावीस वर्षांची झाले, बी.ए.ही झाले. चवथीच्या वर्गात कधीपर्यंत बसवणार आहेस मला?

इथे सगळं ठीक आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. जयंतीची वर्गणी जमवायला पोरं फिरू लागली आहेत. आणि मुख्य बातमी म्हणजे आमचं पुस्तक छापून आलं. ऐंशी पानांचं आहे, कागद जरा पिवळट, पण मुखपृष्ठावर घमेलं घेतलेल्या बाईचं चित्र छान उठलंय. एक प्रत तुला वेगळ्या टपालाने पाठवते. त्यात चुका काढू नकोस, प्रुफं आमच्या ऑफिसच्या सरांनी पाहिली आहेत.

मी दोन वर्षं अंबडला कशासाठी जाते ते तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी उडवून लावते. आता पुस्तकच सांगेल. तिथे कारखाने उभे राहताहेत. त्यांच्या भिंती बांधायला पेठ-सुरगाण्यापासून चांदवड-नांदगावपर्यंतची माणसं येऊन पत्र्याच्या खोपटांत राहतात. त्यांना रेशनकार्ड नाही, मतदारयादीत नाव नाही, पोरांना शाळेत घालायला दाखला नाही. गावाने त्यांना सोडलं आणि इथे कुणी धरलं नाही. आमच्या सरांचं म्हणणं असं की यांच्यावर आकड्यांचे तक्ते पुष्कळ झाले, आता त्यांचं त्यांना बोलू द्या आणि आपण नुसतं उतरून घेऊ. त्यांचे नियम दोन. एक, खरं नाव छापायचं नाही. दुसरा, ज्यांची गोष्ट त्यांना ती वाचून दाखवायची. आधी वस्तीत, आणि मग ही माणसं ज्या भागातून येतात तिथल्या गावांतही.

तीन मार्चला आम्ही चांदवडच्या बाजूला एका गावी गेलो. बाजाराचा दिवस होता. शाळेच्या ओट्यावर मी वाचलं. शंभरेक माणसं तरी असतील, बायका मागे उभ्या होत्या. नवसा नावाच्या बाईची गोष्ट वाचत होते तेव्हा कुणी पान थुंकायलाही उठलं नाही. आणि पुढे काय झालं माहीत आहे? ऐकणाऱ्यांत त्या बाईचा सख्खा भाऊ होता, धोंडीराम म्हणून. त्याने गोष्टीतून बहीण ओळखली, माग काढला आणि आठवड्याभरात अंबडला येऊन तिला भेटला. सहा वर्षांनी! सर तर खूश झाले. म्हणाले, पुस्तक माणसं जोडतं याचा याहून मोठा दाखला कुठला, दुसऱ्या आवृत्तीला हेच शेवटचं प्रकरण करू.

तिचं खरं नाव सिंधुबाई. मी परवा अंबडला गेले तेव्हा ती गारा कालवत होती. मी हाक मारली. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फावडं चालवायला लागली. एरवी मी गेले की हात धुऊन चहाला आधण ठेवणारी बाई. उन्हाने माणसं चिडचिडी होतात, तसंच असेल काहीतरी.

जाता जाता एक विचारते. सहज. तुमच्या क्वार्टरमध्ये मागची खोली रिकामीच असते ना? सातवीतली एखादी मुलगी काही दिवस राहिली तर चालेल का? हुशार आहे, कामाला चटपटीत आहे. तुझ्या शाळेत तिला आठवीला घेता येईल का, तेही बघून ठेव. घाई नाही.

तुझी,
संघू


नाशिक रोड,
दि. ३० मार्च १९८५

ती. आक्कास सविनय जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डावर तू नऊ प्रश्न बसवलेस, तुला मानलं पाहिजे. कुणाची मुलगी, का पाठवतेस, किती दिवस, तिच्या आईबापांना माहीत आहे का. बरोबर आहे तुझं. मागच्या पत्रात मी 'घाई नाही' लिहिलं होतं. ते खोटं होतं. घाई आहे.

मुलगी सिंधुबाईची. नाव कुसा. बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेली, म्हणजे तेरावं सरत आलंय. तिचं लग्न ठरवलंय. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तीन आठवड्यांवर. नवरा तिशी ओलांडलेला बिजवर आहे, तिच्या बापाच्या भाऊबंदांतला.

आता मुळापासून सांगते, नाहीतर तू पुन्हा नऊ प्रश्न विचारशील. सिंधुबाईचं लग्न साट्यालोट्याचं. तिला काळू नावाच्या माणसाला दिली आणि काळूची बहीण तिच्या भावाला, धोंडीरामला केली. पोरगी सात वर्षांची झाली तेव्हा काळूने तिची सोयरीक त्या बिजवराशी बोलून ठेवली. सिंधुबाईने महिनाभर विरोध केला, त्याबद्दल मार खाल्ला आणि एके दिवशी पोरीला घेऊन एस.टी.त बसली. नाशिकला उतरली, अंबडला साइटवर लागली. सिंधुबाई नावाच्या बायका प्रत्येक साइटवर दोन-तीन असतात, म्हणून तिने नावसुद्धा बदललं नाही. कुसाला शाळेत घालायला ती हेडमास्तरांच्या पायरीवर चार दिवस बसली होती. सहा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

पण साट्याचं कसं असतं, एक दोर ओढला की दुसरा आपोआप ओढला जातो. इकडची निघून गेली म्हणून काळूने तिकडून आपली बहीण माघारी नेली. धोंडीराम तेव्हापासून एकटा आहे. आता काळूने त्याला सांगितलंय की माझी बायको आणि पोर आणून दे, तुझी बायको त्याच दिवशी पाठवतो.

तर हा धोंडीराम आता अंबडला राहतोय. त्याने त्याच मुकादमाकडे काम धरलं, सिंधुबाईच्या खोपटाला लागून खोपट घातलं. तू म्हणशील गुंड असेल. नाही गं. वाईट याचंच वाटतं की तो भला माणूस आहे. सकाळी बहिणीला पाणी भरून देतो. कुसाला शाळेत सोडतो आणि सुटायच्या वेळी फाटकाशी उभा असतो, हातात तिच्यासाठी पेरू असतो. वस्तीतल्या बायका म्हणतात, भाऊ असावा तर असा. सख्ख्या मामाने भाचीला शाळेतून आणू नये असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? पोरीला गेल्या तीन आठवड्यांत एकटीने दुकानापर्यंतही जाता आलेलं नाही. सिंधुबाई हगणदारीला निघाली तरी तो दोन खोपटं सोडून बिडी पेटवून उभा राहतो. तो ओरडत नाही की हात उगारत नाही. नुसता वाट बघतो.

मी सरांच्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, कायद्याने हे लग्न गुन्हाच आहे, पण कोर्टात जायचं तर बाईने स्वतः अर्ज करायला हवा, आणि मुलगी कुणाकडे राहणार हे ठरेपर्यंत बाप तिला मागू शकतो. वेळ किती लागेल विचारलं, तर त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि मला चहा घेणार का विचारलं.

धोंडीरामने तिला कसं ओळखलं हे तू विचारायच्या आत सांगते. पुस्तकासाठी दुसरं नाव काय ठेवू, असं मी प्रत्येकीला विचारत असे. सिंधुबाईने स्वतःच 'नवसा' सांगितलं. ते तिचं माहेरचं नाव निघालं. लग्नात सासरच्यांनी बदलून सिंधू केलं होतं. धोंडीरामनंतरची चार पोरं जगली नाहीत म्हणून तिच्या बापाने चांदवडच्या रेणुकेला पाळणा बोलला होता, त्यावर ही झाली, म्हणून नवसा. ही पाळण्याची हकीगतही पुस्तकात आहे. तिकडच्या माणसांना तेवढं पुरलं असणार. नाव तिनेच निवडलं होतं, आक्का. त्याला मी काय करणार?

सरांना मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. ते शेवटच्या प्रकरणाची वाट पाहताहेत. रोज विचारतात, बहीण-भावाची भेट कितपत लिहून झाली? मी म्हणते, चालू आहे.

पोरीला ठेवून घे. मी हात जोडते. हो म्हणालीस की बाकीचं मी बघते.

तुझी,
संघू


नाशिक रोड,
रविवार, दि. १४ एप्रिल १९८५

प्रिय आक्का,

जयभीम. आज जयंती. बाहेर लाउडस्पीकर सुरू आहे, सुलाबाईंच्या ओट्यावर पांढऱ्या साड्यांची रांग लागली आहे, आणि मी दार लोटून तुला लिहिते आहे.

हे पत्र टपालाने येणार नाही. कुसा घेऊन येईल. सुलाबाई आज दुपारच्या गाडीने भुसावळला लेकीकडे निघाल्या आहेत, त्या तिला तुझ्या दारापर्यंत आणून सोडतील. पाकीट चिकटवलेलं नाही. कुसाने ते गाडीत वाचावं म्हणूनच उघडं ठेवलंय, आणि तशी अट तिच्या आईने घातली आहे. सिंधुबाई आत्ता माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या आहेत. मी एक परिच्छेद लिहिते आणि त्यांना वाचून दाखवते. त्या हो म्हणाल्या की पुढे जाते. त्यामुळे पत्र तुटक वाटलं तर समजून घे.

तू हो म्हणालीस. त्याबद्दल आभार मानले तर तू चिडशील, म्हणून मानत नाही. पण त्याच पत्रात खाली तू एक ओळ लिहिलीस. 'नावावरून बहीण ओळखली हे पटलं, पण अंबडला एवढे हजारभर मजूर, त्यात तो नेमका तिच्या खोपटाशी कसा पोचला?' ती ओळ मी चार दिवस उशाशी घेऊन झोपले. तू शाळेत पोरांच्या खोड्या अशाच पकडत असशील.

मी सांगितलं, आक्का.

वाचन संपलं, माणसं बाजाराला पांगली. सर सरपंचांकडे चहाला गेले. मी जीपमध्ये पुस्तकांचा गठ्ठा बांधत होते. धोंडीराम येऊन चाकाशी उकिडवा बसला. म्हणाला, ही नवसा कुठं हाय? मी नियमाप्रमाणे सांगितलं की नावं बदललेली आहेत, ही कुणी वेगळीच बाई आहे. तो म्हणाला, पाळणा माझ्या बापानं वाहिलाय, मी खांद्यावर नेलाय तो. आणि मग तो रडायला लागला. मोठा माणूस, डोक्याला फेटा, आणि चाकाला धरून रडत होता. सहा वर्षं बायको माहेरी बसलीय, बहीण मेली का जिती ते ठाऊक नाही, असं म्हणाला. पोरीच्या सोयरिकीचं चकार शब्दाने बोलला नाही. पण ते मला माहीत होतं. सिंधुबाईंनीच मला सांगितलं होतं, पुस्तकात घालू नका म्हणून सांगून सांगितलं होतं. मी घातलं नव्हतं, इतकी मी प्रामाणिक. आणि त्या माणसाला मी म्हणाले, "अंबडला आहे, पाण्याच्या टाकीच्या मागे, शेवटून तिसरं खोपट."

विसरले होते असं लिहिणार होते. तसं नाही. त्या क्षणी मला सगळं आठवत होतं, आणि तरी वाटलं, एवढा रडणारा भाऊ काय वाईट करणार? परतताना जीपमध्ये मी गाणं गुणगुणत होते. आपण कुणाचं तरी भलं केलं म्हणून.

नावाचंही अर्धंच सांगितलं होतं. 'ते तिचं माहेरचं नाव निघालं' असं मी लिहिलं, जसं काही मला मागाहून कळलं. सिंधुबाईंनी नाव सांगितलं तेव्हाच सांगितलं होतं की हे माहेरचं. त्या दिवशी त्या लाजल्या होत्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत या नावानं कुणी हाक मारली नाय, तुमच्या पुस्तकात तरी मारतील. माझ्या अंगावर काटा आला. किती सुंदर, असं मी वहीत समासात लिहिलंय. ती वही अजून आहे. आपल्या घरात नाव बदललं ते कशासाठी, तू मला कितीदा सांगितलंयस. दादांनी छप्पनच्या दीक्षेनंतर तुझं भागी नाव पुसून टाकलं, आणि तू शाळेच्या दाखल्यावरचं नवं नाव दिवसभर बोटाने गिरवत बसली होतीस. मला वाटायचं नाव म्हणजे बाईने स्वतः उचलायची गोष्ट, त्यात मोकळं होण्यापलीकडे काही नसतंच. जुन्या नावाला गाव चिकटलेलं असतं, भाऊ असतो, शेत असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तरी मी ते नाव काढलं असतं का? गोष्ट त्या नावाने उभी राहिली होती.

आणि वाचनाची गावं मी निवडली. सरांनी यादी माझ्यावर सोपवली होती. अंबडच्या वस्तीत आम्ही गोष्ट आधी वाचून दाखवली, पटली का विचारलं, सिंधुबाईंनी 'पटली' म्हणून सही केली. कुसाने शिकवलेली सही. पण हे तुमच्या माहेरच्या बाजाराला वाचू का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. नवसाची गोष्ट चांदवडच्या बाजूला चांगली रंगेल, एवढंच मी पाहिलं. मला समोर बसलेली शंभर माणसं गप्प झालेली पाहायची होती.

इथे थांबून मी हे सगळं सिंधुबाईंना वाचून दाखवलं. जीपचा भाग त्यांना आजपर्यंत माहीत नव्हता. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. धोंडू एवढा हुशार नाय."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि परतही केली नाही. म्हणाल्या, पुढचं लिवा.

(या जागी पाच ओळी होत्या. काळूने त्यांना कसं वागवलं ते तुला कळावं म्हणून मी लिहिलं होतं, म्हणजे कुसाला तू जपशील. सिंधुबाईंनी खोडायला लावलं. "हे माझं हाय," म्हणाल्या, "हे कुणाला नाय द्यायचं." मी शाई गडद फिरवली आहे. उजेडात धरून पाहू नकोस.)

आता आजचं. शुक्रवारी सिंधुबाईंनी भावाला सांगितलं की मी हरले, सोमवारी तुझ्याबरोबर पोरीला घेऊन येते. तो लहान मुलासारखा रडला म्हणे. आज पहाटेच पंचवटीला गेला, गंगेवर अंघोळ करून बायकोसाठी लुगडं आणि बांगड्या घ्यायला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याची पाठ वळली तशा या दोघी निघाल्या आणि माझ्याकडे आल्या. सुलाबाईंनी कुसाला पांढरी साडी नेसवली आहे. मोठी दिसते. स्टेशनपर्यंत आपल्या बायका मिरवणुकीतून जातील, त्यांच्यात तीही जाईल. संध्याकाळी सिंधुबाई भावाला सांगणार की जयंती पाहायला गेलो आणि गर्दीत पोरीचा हात सुटला.

आणि मग त्या उद्या त्याच्याबरोबर जाणार. एकट्या. काळूकडे.

मी म्हणाले, तुम्हीपण गाडीत बसा, आक्काकडे दोघींना जागा होईल. तुला न विचारता म्हणाले. तर त्यांनी मला असं समजावलं जसं आपण लहान पोराला समजावतो. मी बी गेले तर धोंडू पुन्हा माग काढत बसंल, म्हणाल्या. मी त्याच्यासमोर हाय तवर तो मलाच राखंल. मी काळूच्या दारात उभी राहिले की धोंडूची बायको सुटंल. ती बी कुणाची पोरच हाय. मला चार दिवस मारतील, मग भाकरी करायला बाई पायजेच असती त्यांना.

यावर काय बोलायचं ते मला दोन वर्षांच्या कामात कुणी शिकवलेलं नाही. कायद्याने असं आणि हक्काने तसं, मी काहीबाही बोलले. त्या ऐकत होत्या आणि कुसाच्या वेणीला रिबीन बांधत होत्या.

पोरगी कुठे जाणार ते सोडून सरांना मी काल सगळं सांगितलं. ते खरोखर हादरले. डोळ्यांवरचा चष्मा काढून बसले. दुसरी आवृत्ती थांबवतो म्हणाले, उरलेल्या प्रती परत मागवतो म्हणाले. मी दारापर्यंत पोचले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "हे मात्र सविस्तर लिहून ठेवा. पुढे काम करणाऱ्यांना उपयोग होईल." वाईट मनाने नाही म्हणाले. मी 'बरं' म्हणाले. लिहिणार नाही. हे पत्र हेच काय ते.

आता शेवटचं, आणि हे सिंधुबाईंच्या सांगण्यावरून. पत्र सुरू करण्याआधीच मी तुझा पत्ता पाकिटावर घालायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमच्या भणीचं गाव मला सांगू नका. वाचून दाखवताना बी ते गाळा. मला ठाऊकच नसलं तर कुणी मारून काय काढंल?" मी गाळलं. वर 'भुसावळ' लिहिलंय ते वाचताना मी 'गावाला' असं वाचलं. गाडीचं नाव त्या विचारत नाहीत. स्टेशनवरही येणार नाहीत.

म्हणजे आता पोरगी कुठे आहे हे इथे मला आणि सुलाबाईंना ठाऊक. सुलाबाई तोंडाच्या पक्क्या आहेत. मी कशी आहे ते तू वर वाचलंसच. धोंडीराम माझ्याकडे येणार, आक्का. आज नाहीतर उद्या. ओरडणार नाही, उंबऱ्याशी उकिडवा बसेल आणि रडेल. त्याचं रडणं खरंच असतं. मला त्याच्याकडे बघत 'ठाऊक नाही' म्हणायचं आहे, आणि रोज म्हणायचं आहे. ऑफिसात माझ्या टेबलावर तुझं पत्र पडलेलं त्याला किंवा कुणाला दिसता कामा नये. म्हणून तू मला लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. दाजींचा खोकला, तुझ्या बदलीचं, काहीच कळवू नकोस. कुसा अठरा वर्षांची होईपर्यंत नको. पाच वर्षं होतात. हे मी ठरवलंय, मला कुणी सांगितलेलं नाही. पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

दादा गेल्यावर तुझ्या पत्रांवर मी जगले. तू ते जाणतेस, म्हणून जास्त लिहीत नाही.

बाहेर बायका निघाल्या. सुलाबाई हाक मारताहेत. सिंधुबाई उठून उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि कुसाला म्हणाल्या, तिथं गेलीस की नीट जेवत जा. एवढंच. आता त्या दाराकडे पाठ करून माझ्या मोरीत भांडी घासताहेत. माझी भांडी घासलेलीच होती.

कुसाने आत्ता पत्र माझ्या हातातून घेऊन वरवर चाळलं आणि मला विचारलं, "आईला मी बरी आहे हे कोण सांगेल?" तुला काही उत्तर सुचलं तर ते तिला सांग. मला कळवू नकोस.

तुझी,
संघमित्रा